एक उंची, सतरा दोष

माणसाची उंची हा त्याचा गुण धरायचा की नाही, यावर माझं आणि आमच्या कंपनीच्या पर्सोनेल मॅनेजरचं कधी जमलं नाही. त्यांच्या मते उंची म्हणजे निम्मा बास्केटबॉल. माझ्या मते नारळाचं झाडही उंच असतं, पण त्याला कोणी फॉरवर्डला खेळवत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं तेव्हा ते हसले, आणि दुसऱ्याच आठवड्यात गडब गावाहून एक नारळाचं झाड घेऊन आले.

तेव्हा मी रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो. मूळचा मी पेणचा. आमच्या शाळेत ड्रिलच्या मास्तरांनी लोहाराकडून दोन रिंगा करून घेतल्या होत्या आणि लाकडी खांबांवर ठोकल्या होत्या. त्या नियमापेक्षा बऱ्याच लहान आहेत हे मास्तरांना माहीत नव्हतं, लोहाराला तर नव्हतंच. त्या अरुंद रिंगांमध्ये बॉल टाकायला शिकलेला मी पहिल्यांदा खऱ्या रिंगेपुढे उभा राहिलो, तेव्हा विहिरीत दगड टाकतोय असं वाटलं. त्या जोरावर मी बारा वर्षं कंपनीच्या टीममध्ये फॉरवर्ड खेळलो. मग उजवा गुडघा गेला. खेळता येईना तेव्हा मी बाजूला उभा राहून ओरडायला लागलो, आणि लोक मला कोच म्हणायला लागले.

मॅनेजरसाहेबांचं बास्केटबॉलचं ज्ञान एवढंच, की ते कधीतरी तीन महिने परदेशात ट्रेनिंगला गेले होते आणि तिथे हॉटेलच्या टीव्हीवर त्यांनी काही सामने बघितले होते. तिथली माणसं किती उंच, बॉल कसा वरच्या वर रिंगेत ठेवतात, हे ते दर पार्टीत हात वर करून दाखवायचे. साहेब स्वतः माझ्या खांद्याला लागत. कॉलनीतलं सिमेंटचं कोर्ट त्यांनीच करून घेतलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचं, आणि एका बाजूची रिंग वाकली होती ती कोणी सरळ केली नाही. आम्ही उरलेल्या एका रिंगेवर सराव करायचो.

गडबला हायवेवर साहेबांची जीप पंक्चर झाली. ड्रायव्हर चाक बदलत होता तेवढ्यात साहेबांना समोरच्या दुकानाच्या छपरावर ताडपत्री बांधणारा एक मुलगा दिसला. तो शिडी न घेता, जमिनीवर उभा राहून बांधत होता. चाक बसेपर्यंत साहेबांनी त्याचं नाव, गाव, शिक्षण, सगळं विचारून घेतलं. विशीतला मुलगा, दहावी पास, घरी थोडी भातशेती. महिनाभरात तो आमच्या पॅकिंग खात्यात तीन महिन्यांसाठी टेम्पररी हेल्पर म्हणून लागला. टीममध्ये चमकलास तर परमनंट करू, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं. त्याने घरी सांगताना अर्थातच पहिला भाग गाळला.

पहिल्या संध्याकाळी तो कोर्टवर आला, तो पॅकिंगच्या खाकी शर्टात, पायात रबरी चपला.

"बास्केटबॉल खेळलायस कधी?" मी विचारलं.

"नाय."

"बघितलायस तरी?"

"नाय. सायेबांनी सांगितलं, वर टाकायचा."

साहेब खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, जणू मुलाने काही फार खोल सांगितलं.

मी त्याच्या हातात बॉल दिला आणि पळायला सांगितलं. तो बॉल काखेत धरून पळाला. आपटत पळ म्हटलं, तर दोन्ही हातांनी आपटायला लागला, तोही डोळे बॉलवर लावून, त्यामुळे तो रिंगेच्या खांबावर आपटला. खांबाला काही झालं नाही. मग त्याला बचावाला उभा केला. समोरचा खेळाडू त्याच्या बाजूने निघाला तर हा त्याला वाट द्यायला एक पाऊल मागे सरकला. कोणाला धक्का लागला की खेळ थांबवून विचारायचा, "लागलं काय?" फॉरवर्डने, रिंगेखाली, समोरच्याला! मी बारा वर्षं ज्या जागेवर कोपरं खाल्ली आणि दिली, त्या जागेवर उभा राहून हा लोकांची विचारपूस करत होता.

साहेबांना हे काही दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की टाचा न उचलता त्याचा हात जाळीला लागतो.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "एक रिपोर्ट द्या," ते म्हणाले. "कागदाच्या एका बाजूला स्ट्रेंथ, दुसऱ्या बाजूला वीकनेस. फाइलला लागतो."

"सगळं खरं लिहू?"

"म्हणजे काय! सायंटिफिक झालं पाहिजे."

तो कागद मी घरी बसून लिहिला, आणि लिहिताना मला जेवढी मजा आली तेवढी नोकरीत कधी आली नव्हती. गुणांच्या बाजूला लिहिलं, "उंची. यात उमेदवाराचा स्वतःचा काही वाटा नाही." बस्स. दोषांची बाजू संपून मी कागदाच्या पाठीवर गेलो. डावा हात शोभेचा आहे. उडी चांगली मारतो, पण बॉल येऊन गेल्यावर. पास देतो तो ज्याला द्यायचा त्याच्या मागे दोन फुटांवर. शिट्टी वाजली की पोलीस आल्यासारखा जागच्या जागी उभा राहतो. स्वभाव लग्नातल्या वाढप्याचा आहे, रिंगेखाली तो उपयोगाचा नाही. असे सतरा मुद्दे झाले. सतराव्यात मी लिहिलं की या खेळासाठी लागणारी बुद्धी उमेदवारात दिसत नाही, आणि पुढे दिसेल असंही वाटत नाही.

बायकोने कागद वाचला. ती हसली, पण मधेच थांबली.

"हा रिपोर्ट त्या पोरावर आहे की साहेबांवर?" तिने विचारलं.

"साहेबांवरच. त्यांना कळेल."

"मग त्यांचं नाव घालायचं होतं."

मी कागदाची घडी घातली आणि सही केली.

साहेबांनी तो वाचला की नाही कोण जाणे. फाइलला लावला, आणि पेणच्या स्पर्धेत मुलाला पहिल्या पाचात उतरवा असं सांगितलं. मी म्हटलं, "रिपोर्टमध्ये मी लिहिलंय..." तर म्हणाले, "रिपोर्ट रिपोर्टच्या जागी. हाइट बघून समोरचे निम्मे गार होतील."

स्पर्धा आसपासच्या कंपन्यांच्या टीमची होती, आणि पेणची असल्यामुळे माझ्या ओळखीची सगळी मंडळी मैदानाभोवती जमली होती. त्यातल्या निम्म्यांना बास्केटबॉलचं काही कळत नव्हतं. उरलेल्यांना आपल्याला कळतं असं वाटत होतं, ते जास्त वाईट. आमचा मुलगा मैदानात उतरला तेव्हा खरोखरच एक कुजबुज झाली. साहेबांनी पुढच्या रांगेत बसून आजूबाजूला बघून घेतलं. कुजबुज पाच मिनिटं टिकली. तेवढ्यात त्याने दोन फाऊल केले होते, तीनदा बॉल न आपटता तसाच घेऊन चालला होता, आणि समोरच्या एका बुटक्या गार्डला खाली पडल्यावर हात देऊन उठवलं होतं. तो उठवत होता तोवर त्या गार्डच्या टीमने बास्केट केली. लोक त्याला "ए मनोरा" म्हणून हाका मारायला लागले.

हाफटाइमला आम्ही बरेच मागे होतो. मी सगळ्यांना शिव्या घातल्या, पण त्याला काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटत होतं. माझा एकेक मुद्दा मैदानावर सिद्ध होत होता आणि साहेब पैसे देऊन तिकीट काढल्यासारखे समोर बसून ते बघत होते.

हाफटाइमनंतर दोन-तीन मिनिटांत त्याने रिंगेखाली एक रिबाऊंड, म्हणजे बोर्डावरून उसळलेला बॉल, घेतला. सुरेख घेतला. तिघांच्या डोक्यांवरून, दोन्ही हातांत, वेळेवर. माझ्या तोंडून "वा" गेलं. आणि घेतल्या घेतल्या त्याने बॉल तसाच वर टाकला. बोर्डाला लागून बॉल अलगद जाळीतून खाली आला. आणि मैदानाभोवती असा हशा उठला की रेफ्रीलाही शिट्टी तोंडातून काढावी लागली. बास्केट आमच्याच रिंगेत झाली होती. सगळ्या सामन्यात त्याने केलेली ती एकुलती एक.

तो मात्र हसत माझ्याकडे बघत होता. जमलं, म्हणून.

साहेब उठले आणि जीपकडे गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. इतकं समाधान मला स्वतःच्या एकाही बास्केटनं दिलं नसेल. आता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

चार दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. मला वाटलं साहेब आता म्हणणार, तुमचं बरोबर होतं. टेबलावर माझा कागद पडला होता. काही ओळींखाली लाल शाईच्या रेघा.

"मुदत संपली की त्याला सोडतोय," साहेब म्हणाले. "अजून दीड महिना आहे. तुमच्या रिपोर्टवर करतोय, बरं का. इतकं स्पष्ट कोणी लिहून देत नाही."

"साहेब, पॅकिंगमध्ये तो चांगलं काम करतो. सुपरवायझर खूश आहे."

"तो स्पोर्ट्समधून आला होता ना?" त्यांनी सतराव्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "आणि बुद्धी नाही, हे तर तुम्हीच लिहिलंय. बुद्धी काय खेळाची वेगळी आणि कामाची वेगळी असते?"

मी ज्या माणसावर वार केला होता, त्याने तो वार उचलून दुसऱ्याच्या पाठीत ठेवला होता. स्वतःच्या हौसेनं पोराला रस्त्यावरून उचलून आणणारा माणूस, आता त्याला रस्त्यावर परत ठेवताना माझं अक्षर दाखवत होता. तिथे काही तरी बोलायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं आणि लॅबमध्ये येऊन बाटल्यांना लेबलं लावत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लॅबच्या दारात उभा राहिला. आत येताना चौकटीखाली वाकला. मला वाटलं भांडायला आलाय, आणि त्यानं भांडावं असं मला वाटत होतं.

"सर, तो कागद मला मिळंल काय? एक कापी?"

"कुठला?"

"माझ्यावर लिवलाय तो. हाफिसातल्या भाऊंनी वाचून दाखवला."

"कशाला पाहिजे तुला?"

"घरी दाखवायला. बापूस इच्यारतोय, का काढतायत. त्याला वाटतं मी कायतरी चोरलं. कंपनीतून असं काढत नाय म्हणतो. त्या कागदात लिवलंय ना, खेल जमत नाय म्हणून. चोरी केली असं नाय लिवलंय."

मी हातातल्या बाटलीचं लेबल पुन्हा दाबून बसवलं. त्याला वाटलं मी कागद द्यायला तयार नाही.

"मी राग नाय धरलाय, सर. बरोबर लिवलंय सगळं. डावा हात माझा तसाच हाय." त्याने त्या हाताकडे बघितलं. "फकस्त एक इच्यारायचं होतं."

"विचार."

"ती बाजू कधी बदलली?"

"कसली बाजू?"

"पेणला. पयल्यांदा आपली टाकायची रिंग शाळेच्या अंगाला होती ना? मंग ती रस्त्याच्या अंगाला कवा गेली?"

मला कळायला वेळ लागला. हाफटाइमनंतर बाजू बदलतात. हे पोराला माहीत नव्हतं, कारण तो आयुष्यात पहिलाच पूर्ण सामना खेळत होता. कॉलनीत आम्ही एकाच रिंगेवर खेळायचो. बाकीचे चार जण धावत दुसऱ्या बाजूला गेले, त्यांच्या मागून तोही गेला, पण रिंग बदलली हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम कोचचं होतं. कोच हाफटाइमला स्वतःवर खूश होऊन उभा होता.

सतरा मुद्दे काढले मी त्याच्यातले. पोलीस, वाढपी, नाही नाही त्या उपमा दिल्या. आणि खेळाची पहिली गोष्ट त्याला सांगितली नाही.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. हे वाक्य मी लग्नानंतर बायकोलाही म्हटलं नव्हतं.

"नाय, नाय," तो घाईघाईनं म्हणाला, जणू मलाच लागलं होतं.

त्याच दिवशी मी साहेबांकडे गेलो आणि बाजू बदलण्याचं सांगितलं. ते खूप हसले. ही गोष्ट पुढे कितीतरी पार्ट्यांत त्यांनी रंगवून सांगितली. मी म्हटलं, मी दुसरा रिपोर्ट देतो, दीड महिन्यानंतरचा. "द्या की," ते म्हणाले. ते कशालाच नाही म्हणत नसत. फक्त करत काही नसत.

मुलाला मी सांगितलं, रोज संध्याकाळी शिफ्ट सुटली की कोर्टवर ये, मी तुला पहिल्यापासून शिकवतो. तो म्हणाला, "बरं." पुढचा दीड महिना एकही दिवस चुकला नाही. मीही चुकलो नाही. टीममधले बाकीचे तोवर कंटाळून कॅरमकडे वळले होते, त्यामुळे आम्ही दोघंच असायचो. वाकडी रिंग मी वर्कशॉपमधून माणूस आणून सरळ करून घेतली, आणि रोज मध्येच टाळी वाजवून बाजू बदलायचो.

आता तुम्हाला वाटेल मी म्हणणार, की त्याच्यात दडलेला खेळाडू बाहेर आला. तसलं काही झालं नाही. डावा हात शेवटपर्यंत शोभेचाच राहिला. ड्रिबल करताना बॉलकडे न बघण्याचं त्याला कधी जमलं नाही, आणि "लागलं काय" तर त्याच्या तोंडातून मी काढूच शकलो नाही. पण रिबाऊंड तो खरोखर चांगला घ्यायला लागला. उडी कधी मारायची हे त्याला समजलं, आणि रिंगेजवळून टाकलेले बॉल दहातले सहा जायला लागले. एवढं मला पुरेसं होतं. मी त्याच्यावर ओरडायचो, गुडघा चोळायचो, पुन्हा ओरडायचो. घरी गेलो की बायको म्हणायची, हल्ली जेवण चांगलं जातं तुम्हाला.

शेवटच्या आठवड्यात शेजारच्या कंपनीशी रोह्यातच एक साधा सामना ठरवला. साहेब आले नाहीत. तो अकरा मिनिटं खेळला, दोन बास्केट केल्या, दोन्ही बरोबर रिंगेत. दुसरीच्या आधी तो तीन पावलं चालला होता, पण शेजारच्या कंपनीने आणलेल्या रेफ्रीला ते दिसलं नाही, कारण त्याला काहीच दिसत नसे. आम्ही सामना हरलो.

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. यात उपमा नव्हत्या. साहेबांनी तो वरवर चाळला, म्हणाले, "छान झालाय, पण फाइल बंद झाली," आणि मला परत दिला. मुलगा मुदत संपली त्या दिवशी गेला. त्याच्या बापासाठी मी एक चिठ्ठी लिहून दिली, की मुलगा प्रामाणिक आहे आणि कामाला चोख आहे. सतरा मुद्द्यांच्या कागदाची कॉपी त्याला दिली नाही. पुढे वर्षभरात साहेबांची बदली झाली. नवे साहेब व्हॉलीबॉलवाले होते.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मी रिटायर होऊन पेणला राहायला आलो तेव्हा, एका गणपतीच्या कारखान्यात तो भेटला. मूर्ती बुक करायला आला होता. अंग भरलं होतं, पण वरच्या फळीवरची मूर्ती कारागीर त्यालाच काढून द्यायला सांगत होता, त्यावरून ओळखला. सोबत बायको होती. डोलवीच्या स्टील प्लांटमध्ये आधी ठेक्यावर लागला होता, आता क्रेनवर परमनंट होता. मला बघून त्याने मूर्ती परत ठेवली आणि पाया पडला.

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी नको ते विचारलं.

"अजून खेळतोस की नाही कुठे?"

"नाय, सर."

"प्लांटमध्ये टीम असेल ना?"

"हाय. पण मी नाय जात." तो हसला. "खरं सांगू? मला तो खेळ कधी आवडलाच नाय."

"मग दीड महिना रोज येत होतास ते कशाला? नोकरी तर जाणारच होती. तुला ठाऊक होतं."

"व्हय, ठाऊक होतं."

"मग?"

त्याने बायकोकडे बघितलं, मग खाली मातीकडे.

"तुम्ही येऊन उभे राहायचात ना तिथं. एकटेच. रोज." तो म्हणाला. "नाय कसं म्हणायचं?"

दीड महिना मी त्याच्यावर उपकार करत होतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्याच्या बायकोने त्याला हळूच विचारलं, हे कोण.

"कंपनीतले सर," तो तिला म्हणाला. "बास्केटबॉल शिकवायचे. लय चांगलं शिकवायचे."

तिने मला नमस्कार केला. मी मान डोलावली.